कोरडं वजन

सकाळी सहाची पहिली शिफ्ट.
तीस वर्षं वडगावात यंत्रमागावर हीच वेळ होती.
तेव्हा कांड्या मी भरायचो,
आता मशीन मला उलगडतं, धुतं, परत गुंडाळतं
आणि चार तासांनी घरी धाडतं:
माल तोच, डाग तेवढे काढलेले.

आधी वजनकाटा.
चपला काढतो. किल्ली, सुटे पैसे, पाकीट.
एकदा तर कवळीसुद्धा काढली.
महानंदा आकड्याकडं बघते, मग माझ्याकडं.
"तीन किलो जास्त. एष्टु नीर कुडिदिरी?"
"नुसतं तोंड ओलं केलं गो."
शेजारच्या खाटेवरनं बसलिंगप्पा, डोळे न उघडता:
"तुझा तोंड हाय की राकसकोप?"

बैलहोंगलचा आहे तो. गुळाचा व्यापारी,
त्याला साखर, मला नुसतंच नशीब.
त्याच्या मराठीत सुई रुततो आणि रक्त पळते.
माझ्या कन्नडात मी डॉक्टरना अरे-तुरे करतो.
दोघांच्या नळ्या मात्र शुद्ध बोलतात.

पहिल्याच आठवड्यात आमचा सीमावाद झाला होता.
विषय पंखा. त्याचं तोंड कुणाकडं.
त्यानं सुनेला फोन लावला, मी मेव्हण्याला.
महानंदा आली, मागची कळ दाबली,
पंखा इकडं-तिकडं मान फिरवू लागला.
"इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही,"
असं आम्ही दोघं म्हणालो,
दोन भाषांत, एकाच वेळी,
आणि हसलो तर मशीन ओरडायला लागलं:
प्रेशर वाढलं.

रोज विचारतो, "आराम अदीरी?"
बरे आहात ना, एवढंच.
मी म्हणतो, आरामच चाललाय बाबा चार वर्षं,
त्याचंच तर दुखणं झालंय.

घरी मालन औषधाच्या टोपणानं पाणी मोजते,
बटाटा दोनदा उकळून त्याचा जीव काढते.
बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो.
शहाळं मला विष.
मग ती ते त्यांनाच फोडून देते
आणि त्यांच्या घशाची घाटी वरखाली होताना बघत
मी त्यांची तब्येत विचारतो.

एका मंगळवारी बसलिंगप्पाची खाट रिकामी.
चादर ताणलेली, सुरकुती नाही.
महानंदाला विचारायचं होतं,
पण कन्नड आठवेना. मराठीही.
पंखा फिरत फिरत त्या बाजूला जायचा
आणि तिथं जरा जास्तच थांबतोय असं वाटायचं.

गुरुवारी आला. तोंड टम्म पुरीसारखं.
गोकाकला नातवाचे कान टोचले,
वर जेवण, वर कुंदा, दोनदा.
काट्यावर पावणेपाच किलो जास्त.
"तोंड नुसतं गोड केला," म्हणाला.
त्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या,
व्याकरणाची एकही चूक न करता.
महानंदानं कान दोनच मिनिटं झाकले.

डाव्या मनगटावर नस जोडलीय माझी,
आत सतत घरघर चालू असते.
रात्री करंट गेला.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
इतकी शांतता की झोप मोडली.
मालननं अंधारात माझा हात ओढला,
कानाला लावला, नीट ऐकलं,
जसं मुकादम दारातनंच ऐकायचे.
"चालू हाय," म्हणाली. "ह्याला बिलपण नाही."
मग हात तसाच उशीखाली घेऊन, अर्धवट झोपेत:

"पडा आता. सकाळी पहिली शिफ्ट हाय तुमची."